अंकपाश आणि आकडा

छत्रपति संभाजीनगरहून कन्नडकडे निघालें म्हणजे उत्तरेस गौताळ्याची डोंगररांग आडवी येते. तिच्या पलीकडच्या पायथ्याशीं चाळीसगांव तालुक्यांतील पाटण हें गांव आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन व्हावें म्हणून त्यांचा नातू चांगदेव यानें मठ स्थापिल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख तेथें आहे. आचार्यांनीं ११५० सालीं रचलेल्या 'लीलावती'चें शेवटचें प्रकरण म्हणजे 'अंकपाश'. अंक किती प्रकारांनीं मांडतां येतात, याची गणना त्यांत आहे. शंभूच्या दहा हातांतील दहा आयुधें आलटूनपालटून दिलीं तर मूर्तिभेद किती? ३६,२८,८००. शून्य वर्ज्य करून, अंकांची बेरीज तेरा होईल अशा पांच अंकी संख्या किती? ४९५.

या ग्रंथास आठशें वर्षें लोटल्यावर याच महाराष्ट्रांत अंकांच्या बेरजांचा एक निराळाच अभ्यास सुरू झाला. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व मिटते भाव तारेनें मुंबईस येत, व त्यांच्या आकड्यांवर पैजा लागत. १९६१ सालीं ती सोय बंद पडली. तेव्हां १९६२ मध्यें कल्याणजी भगत यांनीं वरळीस मटका सुरू केला. १९६४ मध्यें रतन खत्री यांनीं आपला निराळा मटका काढला. पुढें रीत ठरली ती अशी : तीन पत्ते काढावे, दहाचें पान शून्य धरावें, आणि बेरजेच्या एकंस्थानीं येईल तो 'आकडा'. 'ओपन' व 'क्लोज' हे दोन आकडे मिळून 'जोडी'.

पाठोपाठ भाकितें आलीं. कोणी जुन्या निकालांचे तक्ते उभे-आडवे वाचतो. कोणी आल्या आकड्यांत पांच मिळवून 'कट' आकडा काढतो. कोणी म्हणतो, फार दिवस न आलेला आकडा आतां आलाच पाहिजे.

अंकपाशाच्या रीतीनेंच हें तपासून पाहूं. क्रम सोडला तर तीन पानांचे प्रकार २२० : तिन्ही अंक भिन्न असलेले १२०, दोन सारखे असलेले ९०, तिन्ही सारखे असलेले १०. प्रत्येक आकड्याच्या वांट्यास यांतून अनुक्रमें १२, ९ व १ येतात. तेव्हां सचोटीच्या सोडतींत प्रत्येक आकड्यास संधि दहांत एक, आणि मागचा निकाल पानांस ठाऊक नसतो. सोडत लबाडीची असेल, तर तक्ता अधिकच व्यर्थ. १९१३ च्या ऑगस्टांत माँटे कार्लोस चक्रावर सलग २६ वेळां काळा रंग आला; आतां लाल येणारच, असें धरणारे तेथेंच बुडाले.

मटक्याचा प्रचलित भाव रुपयास नऊ. दहाहि आकड्यांवर एकेक रुपया लावावा, तर दहा जाऊन नऊ परत येतात. जोडीचेंहि तसेंच : शंभरांस नव्वद. खेळविणाऱ्यास भाकीत करण्याचें कारणच पडत नाहीं.

१९६९ च्या एप्रिलांत महाराष्ट्र राज्य लॉटरी निघाली. ती कायदेशीर, आणि मटका १८८७ च्या कायद्याखालीं गुन्हा. परंतु मागील सोडतीवरून पुढील सोडत कळत नाहीं, हा नियम दोहोंसहि लागू आहे.

तक्ते घेऊन बसणारा मनुष्य आळशी नसतो, बहुधा मूर्खहि नसतो. आपण जुगार खेळत नसून अभ्यास करीत आहों, अशी त्याची खरोखरच समजूत असते. म्हणूनच हरल्यावर तो खेळ सोडीत नाहीं, हिशेब सुधारीत बसतो. आणि घरचा पगार महिन्यामागून महिना त्या हिशेबांत जातो. अंक किती प्रकारांनीं येतील, हें आचार्य मोजून सांगतात. त्यांतला उद्यां कोणता येईल, हें सांगण्याचा आव त्यांनीं कोठेंहि आणलेला नाहीं.