बालकांच्या नखदुखापतींवरील उपचार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
वैद्यकाचा इतिहास प्रामुख्याने साथीचे रोग, लसी आणि मोठ्या शस्त्रक्रिया यांच्याभोवती लिहिला गेला. दाराच्या फटीत बोट चेंगरून मुलाचे नख काळेनिळे पडणे, या घरोघरी घडणाऱ्या दुखापतीला त्यात क्वचितच स्थान मिळाले. तथापि अशा दुखापतीसाठी मुलाला भूल द्यावी काय, नख काढावे काय, हे प्रश्न किरकोळ नाहीत. त्यांची उत्तरे कशी बदलत गेली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

प्राचीन संदर्भ :
सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये 'चिप्प' व 'कुनख' या नखविकारांचे वर्णन आढळते. त्यांपैकी कुनख हा आघातामुळे होतो व त्यात नख रूक्ष, काळे आणि खरखरीत बनते, असे म्हटले आहे. आघात व नखाची विकृती यांतील कार्यकारणसंबंध येथे स्पष्ट होतो. मात्र बालकाचे बोट प्रौढाच्या बोटापेक्षा वेगळ्या रीतीने भरून येते काय, हा प्रश्न आधुनिक वैद्यकात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळकपणे पुढे आला.

आधुनिक कालखंड :
इंग्लंडमधील शेफील्ड येथील सिंथिया इलिंगवर्थ यांनी १९७४ मध्ये मुलांच्या चेंगरलेल्या व तुटलेल्या बोटांविषयी निबंध प्रसिद्ध केला. शेवटच्या सांध्यापुढे बोटाचे टोक तुटले असता केवळ साधी मलमपट्टी केली, तरी लहान मुलांमध्ये ते टोक नखासह पुन्हा वाढते, असे त्यांचे निरीक्षण होते.

तरीही शस्त्रक्रियेचा आग्रह मागे पडला नाही. १९८७ मध्ये सायमन व वोल्गिन यांनी असे दाखविले की, नखाखालील अर्ध्याहून अधिक भागात रक्त साकळले असल्यास नखशय्या फाटलेली असण्याचा संभव बराच असतो. त्यावरून नख काढून टाके घालण्याच्या मताला बळ मिळाले. परंतु जखम असणे आणि टाक्यांनी अधिक लाभ होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९९९ मध्ये रोझर व गेलमन यांनी ५२ मुलांच्या ५३ नखांचा तुलनात्मक अभ्यास केला. नख जागेवर शाबूत असेल, तर टाके घालणे आणि नखाला छिद्र पाडून रक्त काढणे किंवा नुसते लक्ष ठेवणे यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. शस्त्रक्रियेचा खर्च मात्र चौपटीहून अधिक होता.

टाके घातल्यावर निघालेले नख पुन्हा जागेवर बसविण्याची प्रथाही अशीच रूढ होती. ते जखमेचे नैसर्गिक आच्छादन ठरते, हा त्यामागील तर्क. ब्रिटनमधील २० रुग्णालयांतील ४५१ मुलांवर झालेल्या 'निंजा' चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नख बसविल्याने जंतुसंसर्ग कमी होत नाही, नखाचे रूपही अधिक चांगले होत नाही आणि खर्च मात्र वाढतो, असे त्यांत दिसून आले.

निष्कर्ष :
१) या उपचारांचा प्रवास एकंदरीत अधिक हस्तक्षेपाकडून संयमाकडे झाला आहे.
२) तर्कसंगत वाटणारी प्रथा तुलनात्मक कसोटीविना दीर्घकाळ टिकू शकते; तिची किंमत बालकाला वेदनेच्या आणि कुटुंबाला पैशाच्या रूपाने मोजावी लागते.
३) संयम म्हणजे दुर्लक्ष नव्हे. नख उखडले, हाड मोडले किंवा नखशय्या उघडी पडली असल्यास वैद्यकीय तपासणी अनिवार्यच आहे.

सामान्य दुखापतींचा इतिहासही वैद्यकीय ज्ञान कसे घडते हे दाखवू शकतो, म्हणून तो अभ्यासविषय ठरावा.