विंचवाचा उतारा

मांजरेच्या कांठच्या आमच्या कळंब तालुक्यांत ज्यांचें बालपण गेलें त्यांस विंचवाची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. दगडमातीच्या भिंती, माळवदाचीं घरें, अंगणांतील जळणाचा ढीग, परसांतील कडब्याची गंजी, ह्या सर्व स्थळीं मनुष्याप्रमाणेंच त्याचेंहि वंशपरंपरागत वास्तव्य! जोडा पायांत घालण्यापूर्वीं झटकावा, अंधारांत गोवऱ्यांस हात घालूं नये, हें शिक्षण आम्हांस मुळाक्षरांच्याहि आधीं मिळालें. आणि विंचू चावलाच तर काय करावयाचें हेंहि ठरलेलें असे. विंचू उतरविणारा गृहस्थ गांवोगांव होता. तो कडुलिंबाचा डहाळा घेऊन येई, कांहीं पुटपुटे, वेदना मांडीवरून गुडघ्यावर व गुडघ्यावरून घोट्यावर उतरवीत आणी, आणि चार-सहा तासांनीं रोगी खरोखरच उठून बसे. महाविद्यालयांत शिकून आल्यावर आम्ही ह्या प्रकारास यथेच्छ हंसलों. परंतु हंसण्यानें एक प्रश्न सुटत नव्हता. मंत्रानें विष उतरत नसेल, तर इतके लोक बरे कां होत?

त्याहून कठीण असा दुसरा प्रश्न होता. आमच्या शेजारच्या वाड्यांतील सालगड्याच्या सात-आठ वर्षांच्या मुलास कडब्याच्या पेंढ्या काढतांना विंचू चावला. मुलगा फारसा रडलाहि नाहीं. मांत्रिक आला, वेदना उतरली असें मुलानें स्वतःच सांगितलें, आणि मंडळी निश्चिंत झाली. त्याचें अंग घामानें भिजलें होतें, तें पाहून ‘विष घामावाटे निघालें’ असें एक वृद्ध म्हणाल्याचें आम्हांस स्पष्ट आठवतें. उजाडण्यापूर्वीं तोंडास फेंस येऊन तो मुलगा गेला. वेदना तर थांबली होती. मग मृत्यु कशानें आला? हा प्रश्न पुष्कळ वर्षें आमच्या मनांत तसाच पडून होता. त्याचें उत्तर ज्या शोधांत मिळालें त्याची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों.

औषधाचा शोध म्हटला कीं सुशिक्षित वाचकांच्या डोळ्यांपुढें प्रयोगशाळा उभी राहते. एखादी वनस्पति घ्यावी, तिचा अर्क काढावा, अर्कांतून गुणकारी द्रव्य निराळें करावें, अशी ही वाट. सर्पगंधेचें उदाहरण ह्या वाटेचें होय. कलकत्त्याच्या सेन व बोस ह्या वैद्यद्वयानें १९३१ सालीं तिच्या मुळीच्या रक्तदाब उतरविण्याच्या गुणाकडे लक्ष वेधलें, मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं १९४९ सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें पन्नास रोग्यांवरील अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हां कोठें पश्चिमेकडील डॉक्टरांनीं तिची दखल घेतली, आणि १९५२ सालीं स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळींतून रेसर्पिन वेगळें काढलें. मुळींतून द्रव्य, द्रव्यांतून गोळी. विंचवाच्या औषधाची कथा नेमकी उलटी आहे. तेथें गोळी दुकानांत तयार होती. ती कोणत्या रोगाची, हेंच कोणास ठाऊक नव्हतें.

विंचवाच्या विषानें मनुष्य मरतो हें डॉक्टरांस माहीत नव्हतें असें नव्हे. डॉ. मुंडले यांनीं १९६१ सालीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरण्याच्या प्रकाराचें वर्णन केलें, त्रिनिदाद बेटांतून १९६३ सालीं ह्या विषाच्या हृदयावरील परिणामाचा वृत्तान्त आला. परंतु उपचार चालत ते अंदाजानें. कोणी ॲट्रोपिन टोंची, कोणी स्टिरॉइड देई, कोणी झोंप आणणाऱ्या तीन औषधांचें मिश्रण चढवी. ह्यांपैकीं कशानेंहि मूळ दुखण्यास हात लागत नव्हता. ॲट्रोपिननें तर आधींच धांवत असलेलें हृदय अधिकच धांवूं लागे.

अशा स्थितींत १९७६ सालीं डॉ. हिंमतराव बावस्कर हे कुलाबा, म्हणजे सांप्रतच्या रायगड, जिल्ह्यांतील महाड तालुक्याच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. हे गृहस्थ आमच्याच मराठवाड्याचे. भोकरदनजवळचें देहेड हें त्यांचें गांव, शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत, आणि बालपण दारिद्र्यांत गेलेलें. कोंकणांत लाल विंचवाचा उपद्रव मोठा. उन्हाळ्यांत व पावसाळा सरतांना तर फारच. चावलेलीं माणसें, त्यांतहि लहान मुलें, डोळ्यांदेखत मरत आणि ग्रंथांत त्यावर उपाय सांपडत नसे. अशा वेळीं बहुतेक डॉक्टर काय करतात तें सांगावयास नको. ते ‘नशीब’ म्हणतात व बदलीचा अर्ज करतात. बावस्करांनीं रोग्याच्या उशाशीं बसून लिहून ठेवण्यास प्रारंभ केला. नाडी किती, रक्तदाब किती, घाम केव्हां सुटला, वांती केव्हां झाली, हातपाय केव्हां गार पडले.

ह्या लिहिण्यांतून जें निघालें तें त्यांनीं १९८२ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध केलें. हृदयावरील संकटाची वर्दी देणारीं लक्षणें आधींच दिसूं लागतात: वांती, दरदरून घाम, हातापायांचा गारठा, आणि पुरुषांत व मुलग्यांत लिंगास येणारा ताठा. हें शेवटचें लक्षण सभ्य मासिकांत सहसा लिहीत नाहींत, परंतु तें न सांगितल्यानेंच घरच्या मंडळींनीं तें झांकून ठेवावें व डॉक्टरांनीं विचारूं नये असें होत असल्यामुळें आम्ही लिहीत आहों. पैठणच्या नाथांनींहि आपल्या विंचवाच्या भारुडांत घाम वर्णिला आहे. रूपक कामक्रोधाचें असलें तरी लक्षण खऱ्या विंचवाचें!

आमच्या जुन्या प्रश्नांचें उत्तर ह्याच नोंदींत होतें. पुष्कळशा दंशांत वेदना भयंकर होते, परंतु विष शरीरभर पसरत नाहीं. तीं माणसें कांहीं तासांनीं आपोआप बरीं होतात, आणि तेवढा वेळ जो कोणी जवळ बसून पुटपुटला असेल त्यास यश येतें. ज्यांच्या अंगांत विष खरोखर भिनतें त्यांस दंशाच्या जागीं वेदना बहुधा थोडीच असते. म्हणजे सारें गांव जिकडे पाहत होतें, ती वेदना, हें धोक्याचें मोजमापच नव्हतें. ज्या घामास आमच्या वाड्यांतील मंडळींनीं शुभचिन्ह मानलें, ती आलेल्या संकटाची पहिली खूण होती.

आतां विषाचें कार्य पाहूं. मज्जातंतूंच्या आवरणांत सोडियमचे कण आंत घेणाऱ्या सूक्ष्म वाटा असतात. त्या क्षणभर उघडून मिटतात. लाल विंचवाच्या विषांतील प्रथिनें त्या वाटा मिटूं देत नाहींत. परिणामीं ॲड्रिनॅलिन व तिच्या जातीचीं द्रव्यें रक्तांत लोटलीं जातात, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, आणि अरुंद झालेल्या वाटांतून रक्त रेटतां रेटतां हृदय थकून फुप्फुसांत पाणी सांचतें. तोंडास येणारा फेंस तो हाच. ॲड्रिनॅलिनसदृश द्रव्यें शरीरांत ‘आल्फा’ व ‘बीटा’ अशा दोन प्रकारच्या ग्राहकांमार्फत काम करतात, हा सिद्धान्त अमेरिकेच्या आल्क्विस्ट यांनीं १९४८ सालीं मांडला होता. रक्तवाहिन्या आवळणारे ते आल्फा. हें कुलूप कळल्यावर त्यास लागणाऱ्या किल्ल्या रसायनशास्त्रज्ञांनीं घडविल्या, आणि त्यांतलीच एक, प्राझोसिन, १९७० नंतरच्या दशकांत रक्तदाबावरील साधी गोळी म्हणून बाजारांत आली. ती तयार करणाऱ्यांच्या स्वप्नांतहि विंचू नव्हता.

बावस्कर मध्यंतरीं पुण्यास जाऊन एम्. डी. होऊन आले, व शहरांत न राहतां पुनः महाडकडे वळले. प्रथम त्यांनीं सोडियम नायट्रोप्रुसाइड हें रक्तवाहिन्या सैल करणारें औषध शिरेवाटे देऊन पाहिलें. त्यानें मरणोन्मुख रोगी वांचूं लागले. परंतु तें थेंबाथेंबानें द्यावें लागतें, बाटली उजेडापासून झांकावी लागते, रक्तदाब क्षणोक्षणीं मोजावा लागतो. एका डॉक्टरानें रात्रभर एकाच खाटेशीं बसावें, तर दारांत आलेल्या दुसऱ्या रोग्याचें काय? तेंच कार्य तोंडानें घेण्याच्या गोळीनें साधेल काय, ह्या विचारांतून ते प्राझोसिनकडे वळले. मुलांस पाव मिलिग्रॅम, मोठ्यांस अर्धा, हातपाय उबदार होईपर्यंत तीन-तीन तासांनीं. आणि रक्तदाब एकाएकीं उतरूं नये म्हणून रोग्यास निजवून ठेवावयाचें. १९८६ सालीं हा अनुभव ‘लॅन्सेट’मध्यें छापून आला. लेखाखालीं त्यांच्या डॉक्टर पत्नी प्रमोदिनी बावस्कर यांचेंहि नांव आहे. गंभीर रोग्यांतील मृत्यूचें प्रमाण शेंकडा चाळीसांच्या घरांतून शेंकडा एकाच्या आसपास आलें, असें बावस्करांनीं पुढें मांडलें. सरकारनें २०२२ सालीं त्यांस पद्मश्री दिली. ती कांहीं लवकर दिली असें म्हणवत नाहीं.

औषधसंशोधनाचें स्वरूप गेल्या कांहीं वर्षांत विलक्षण पालटलें आहे. प्रथिनाची घडी कशी पडेल हें संगणक सांगतो, आणि त्या विद्येस २०२४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्या पारितोषिकाचे एक मानकरी डेव्हिड बेकर यांच्या मंडळीनें २०२५ च्या जानेवारींत संगणकावर नव्यानें रचलेलीं अशीं प्रथिनें दाखविलीं कीं, जीं नागाच्या जातीच्या सापांचें विष निष्प्रभ करून उंदरांस वांचवितात. आमच्या लाल विंचवाचेंहि ह्या विद्येवर ऋण आहे. त्याच्या विषांतून १९९० सालीं वेगळें केलेलें इबेरियोटॉक्सिन हें सदतीस अमिनो आम्लांचें लहानसें प्रथिन पेशींतील एका जातीची पोटॅशियमची वाट तेवढी नेमकी बंद करतें, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा तें हत्यारासारखें वापरतात. ह्या सर्वांचें आम्हांस कौतुक आहे. तथापि शेतमजुराच्या मुलास होणाऱ्या दुखण्यासाठीं कोणती कंपनी आपलें भांडवल घालणार? जुन्या औषधाचा नवा उपयोग शोधण्यास आतां मोठी प्रतिष्ठा आली आहे. २०२० च्या महामारींत डेक्सामेथासोन ह्या जुन्या व स्वस्त औषधानें कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रोग्यांतील मृत्यु सुमारें एक तृतीयांशानें घटले, तेव्हां साऱ्या जगानें त्याची वाहवा केली. महाडला तेंच काम चौतीस वर्षें आधीं वहीपेन्सिलीनें झालें होतें.

ह्या इतिहासांत आम्हांस सर्वांत मोठें वाटतें तें १९८६ चें प्रकरण नव्हे, तर २०११ चें. मध्यंतरीं हाफकिनच्या वतीनें लाल विंचवाच्या विषावरील प्रतिविष लस तयार झाली होती. ज्याच्या नांवावर प्राझोसिनची कीर्ति उभी, त्या मनुष्यानें ह्या नव्या लसीची उपेक्षा केली असती तर त्यास कोणी दोष दिला नसता. बावस्कर दंपतीनें सत्तर रोग्यांचे चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट पाडले. पस्तिसांस केवळ प्राझोसिन दिलें, पस्तिसांस प्राझोसिन व लस दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटांत आठ निघाले, दुसऱ्यांत बत्तीस. आपली गोळी एकटी कमी पडते हें त्यांनीं ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें आपल्याच सहीनें छापलें.

आजहि सोयाबीनची रास करतांना, कडबा रचतांना आमच्याकडे विंचू निघतो. महाविद्यालयांत शेतकऱ्यांचीं मुलें पुढ्यांत बसतात. विषय कोणताहि चाललेला असो, हंगाम आला कीं आम्ही त्यांस एकदां तरी विचारतों, विंचू चावलेल्यास प्रथम काय विचाराल? ‘दुखतें का,’ असें पोरें एका आवाजांत सांगतात. मग आम्ही त्यांस घामाचें व गार हातांचें सांगतों, आणि वेळ न दवडतां रोग्यास इस्पितळांत न्या म्हणतों. सालगड्याच्या त्या मुलाचे हात त्या रात्रीं किती गार पडले होते हें मात्र आम्हांस सांगतां येत नाहीं. कोणी हात लावून पाहिलेंच नव्हतें.