आर्मेचर रिवाइंडिंग

आर्मेचर रिवाइंडिंग म्हणजे विद्युत मोटरीच्या फिरत्या भागावरील जळालेली तांब्याची तार काढून नवी तार गुंडाळण्याची प्रक्रिया होय. ड्रिल, ग्राइंडर यांसारख्या हातयंत्रांत सहसा २३० व्होल्टवर चालणारी युनिव्हर्सल मोटर असते. महाराष्ट्रात ही दुरुस्ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानांत केली जाते.

प्रक्रिया

जुन्या तारेची जाडी व वेढ्यांची संख्या मोजून तेवढेच वेढे एनॅमल तारेने भरतात. टोके कम्युटेटरला जोडून वॉर्निश देतात व आर्मेचर भट्टीत सुकवतात. कम्युटेटर खडबडीत झाला असल्यास तो लेथवर कातून गुळगुळीत करतात.

दुरुस्ती की बदल

कार्बन ब्रश झिजण्यासाठीच बनवलेले असल्याने ते जोडीने बदलतात. ते वेळेवर न बदलल्यास ठिणग्या वाढून कम्युटेटर खराब होतो. बेअरिंगही दुरुस्त न करता बदलतात. नवे आर्मेचर महाग असल्यास किंवा मिळत नसल्यास रिवाइंडिंग सोयीचे ठरते. मात्र दुहेरी विद्युतरोधन असलेल्या यंत्रात दांडा व गाभा यांमधील रोधक थर वितळला असल्यास विजेचा धक्का बसण्याचा धोका राहतो. असे आर्मेचर बदलणेच सुरक्षित असते.

धोरण

भारताच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराविषयीचे संकेतस्थळ २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केले.