मुलांच्या वाटणीचे औषध
सोरायसिसच्या इंजेक्शनांचा एक अपुरा इतिहास

नायटा, खरूज, इसब, कोड, महारोग. कातडीच्या दुखण्यांसाठी मराठीत नावांची वाण नाही. सोरायसिसला मात्र रोजच्या बोलण्यातले स्वतःचे नाव मिळालेले नाही. चरकसंहितेतल्या अठरा कुष्ठांपैकी 'एककुष्ठ' आणि 'किटिभ' यांच्याशी आजचे वैद्य त्याचे नाते जोडतात. एककुष्ठाचे वर्णन माशाच्या खवल्यांसारखी त्वचा असे आहे. पण 'कुष्ठ' हा शब्द एकदा उच्चारला की पुढचे कोणी ऐकत नाही. युरोपातही हाच घोटाळा होता. व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी १८४१ साली सोरायसिस आणि महारोग हे दोन निरनिराळे आजार असल्याचे ठामपणे मांडले. तोपर्यंत न संसर्गणाऱ्या या आजाराचे कितीतरी रोगी महारोगी म्हणून वाळीत पडले असतील.

या आजाराच्या सुमारे एक तृतीयांश रोग्यांमध्ये पहिला चट्टा वयाच्या विसाव्या वर्षाआत उठतो. म्हणजे शाळेच्या वयात. आमच्या सांगवीसारख्या गावात, एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारे पोर असेल तर त्यामागे काय आहे हे बाकावरच्या शेजाऱ्याला लवकरच कळते, आणि मग बाकावर जागा मोकळी होते. आजार जिवावरचा नाही म्हणून तो लहान ठरत नाही.

अशा मुलांसाठी आज जगात अर्धा डझन इंजेक्शने आहेत. ती मुलांपर्यंत कशी पोचली, आणि इतक्या उशिरा का पोचली, याचा माग घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गोवा पावडर

सोरायसिसच्या आधुनिक उपचाराचा पहिला धागा आपल्याच किनाऱ्यावरून जातो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बाजारात 'गोवा पावडर' नावाची पिवळट-तपकिरी भुकटी नायट्यावर विकली जात असे. ती गोव्यातून येई म्हणून हे नाव. ती बनते कशापासून हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसे. १८७५ साली ब्राझीलमधील बाहिया येथील डॉक्टर दा सिल्वा लिमा यांनी कोडे सोडवले. ही त्यांच्याकडच्या अरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी होती. पोर्तुगीज जहाजांतून एका वसाहतीतून दुसरीत आलेली. लंडनच्या बाल्मानो स्क्वायर यांनी तिच्यातल्या द्रव्याचे मलम सोरायसिसवर वापरले आणि १८७८ साली त्यावर पुस्तक लिहिले. पहिल्या महायुद्धात ही भुकटी जर्मनीला मिळेनाशी झाली, तेव्हा तिथे १९१६ साली तिच्या जागी कृत्रिम द्रव्य आले. आजचे डायथ्रेनॉल ते हेच.

मलम कपडे डागाळायचे, कातडी भाजायचे, पण त्याची एक सोय होती. मुलाला ते सोसले नाही तर पुसून टाकता येई. शरीरात गेलेले औषध पुसता येत नाही. इंजेक्शनाचा इतिहास म्हणूनच वेगळ्या कसोटीवर तपासावा लागतो.

सुई आधी कोणाला टोचली?

भीमावरममध्ये १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख संशोधक झाले. त्यांच्या चमूने फॉलिक आम्लाला अडवणारे अमिनॉप्टेरिन हे द्रव्य तयार केले. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या १६ मुलांना टोचले आणि जून १९४८ मध्ये निष्कर्ष छापले: १६ पैकी १० मुलांमध्ये तात्पुरता का होईना उतार पडला होता. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले.

तीन वर्षांनी, १९५१ मध्ये, न्यूयॉर्कचे रिचर्ड गुब्नर संधिवाताच्या रोग्यांना हेच औषध देत असताना एकाच्या अंगावरचे सोरायसिसचे चट्टे गेल्याचे त्यांच्या ध्यानी आले. अमिनॉप्टेरिनचे सौम्य भावंड मेथोट्रेक्सेट त्यानंतर सोरायसिसचे प्रमुख औषध बनले. गोळी स्वस्त, इंजेक्शनही स्वस्त. तालुक्याच्या गावी आजही तेच पहिले हाताशी येते.

यातला विरोधाभास असा, की ज्या औषधकुळाची पहिली मोठी परीक्षा मुलांच्याच शरीरावर झाली, त्याचीच सोरायसिससाठी मुलांमध्ये शिस्तशीर परीक्षा व्हायला पुढची सहा दशके लागली. मरणाच्या दारातल्या मुलावर नवे औषध वापरण्याचे धैर्य वैद्यकाला होते. शाळेत जाणाऱ्या, पण खवल्यांनी झाकलेल्या मुलासाठी तेवढी निकड कोणाला वाटली नाही. मधल्या काळात डॉक्टर मोठ्यांची मात्रा वजनाने भागून मुलांना देत राहिले. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हॅरी शर्की यांनी १९६० च्या दशकात अशा मुलांना 'उपचारातील अनाथ' म्हटले. औषध आहे, पण त्याच्या वेष्टनावर मुलाचे नाव नाही.

२११ मुले

ही कोंडी फोडली कायद्याने. अमेरिकेत २००२ आणि २००३ च्या कायद्यांनी औषध कंपन्यांना मुलांमधील चाचण्यांसाठी आधी आमिष आणि मग सक्ती केली. युरोपात तसा नियम जानेवारी २००७ पासून लागू झाला. त्याच सुमारास जैविक औषधे आली होती. ही जिवंत पेशींकडून बनवून घेतलेली प्रथिने. शरीराच्या संरक्षणव्यवस्थेतला एखादाच निरोप अडवतात. पोटात पचून जातात म्हणून ती टोचावीच लागतात.

त्यातले एटानरसेप्ट हे पहिले. अमेरिका व कॅनडातील ४ ते १७ वयाच्या २११ मुलांवरील त्याची चाचणी एमी पॅलर आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केली. बारा आठवडे निम्म्या मुलांना दर आठवड्याला औषध, निम्म्यांना तसेच दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन. कोणाला काय मिळते हे मुलांना, पालकांना आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. आजाराचे मोजमाप तीन चतुर्थांशाने उतरलेली मुले औषधगटात ५७ टक्के निघाली, दुसऱ्या गटात ११ टक्के.

हे ११ टक्के विसरू नयेत. औषधाविना बऱ्या वाटू लागलेल्या या मुलांमुळेच कळते की ५७ पैकी किती श्रेय औषधाचे. पण त्यासाठी लहान मुलाला बारा आठवडे रिकामी सुई टोचायची, हा प्रश्न उरतोच. त्या चाचणीत नंतर सर्वांना खरे औषध मिळाले. पुढे काहींचे ते पुन्हा काढून चट्टे परततात का हेही पाहिले गेले.

युरोपने त्याच वर्षी औषधाला मुलांसाठी परवानगी दिली. अमेरिकेने दिली नाही. ऑगस्ट २००९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने या वर्गातील औषधांवर मुलांमधील कर्करोगाच्या ४८ नोंदींचा आढावा घेऊन ठळक इशारा छापायला लावला. त्यातली बहुतेक मुले आतड्याच्या किंवा सांध्यांच्या आजाराची होती आणि इतरही जालीम औषधे घेत होती, तरी शंका दूर सारता येण्यासारखी नव्हती. चाचणीतल्या मुलांचा पाठपुरावा २६४ आठवड्यांपर्यंत चालला. अमेरिकेची परवानगी आली नोव्हेंबर २०१६ मध्ये. चाचणीच्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल तोवर मतदानाच्या वयाचे झाले होते.

या विलंबाला दप्तरदिरंगाई म्हणून मोकळे होता येईल, पण ते अर्धसत्य ठरेल. २११ मुलांत दहा हजारांत एखाद्याला होणारा अपाय दिसत नाही. तो दिसायला वर्षे लागतात, आणि मुलापुढे वर्षेच सर्वाधिक असतात.

रिकामी सुई कमी होत गेली

पुढच्या चाचण्यांत हा धडा हळूहळू उतरलेला दिसतो. उस्टेकिन्युमॅब हे तीन महिन्यांतून एकदा टोचायचे औषध १२ ते १७ वयाच्या ११० मुलांवर तपासले गेले. बाराव्या आठवड्यात नेहमीच्या मात्रेतील ६९ टक्के मुलांची कातडी जवळजवळ स्वच्छ झाली होती. रिकाम्या इंजेक्शनाच्या गटात ५ टक्के. नंतर ६ ते ११ वयाच्या ४४ मुलांची पाळी आली, तेव्हा रिकामी सुई वापरलीच नाही. मोठ्या मुलांनी सोसलेले उत्तर धाकट्यांच्या उपयोगी पडले.

२०१७ साली प्रसिद्ध झालेली १३ देशांतील ११४ मुलांची चाचणी माझ्या दृष्टीने सर्वांत प्रामाणिक. तिथे नव्या अ‍ॅडॅलिम्युमॅबची तुलना रिकाम्या सुईशी न करता जुन्या मेथोट्रेक्सेटच्या गोळीशी केली. पूर्ण मात्रेत ५८ टक्के मुलांना मोठा उतार, मेथोट्रेक्सेटवर ३२ टक्के. नवे औषध सरस ठरले खरे, पण आपल्याकडच्या डॉक्टरांच्या कामाची बातमी दुसरीच होती. दर तीन मुलांतल्या जवळपास एकाला स्वस्त गोळीनेही गुण येतो, हे पहिल्यांदा नीट मोजले गेले.

आपले आकडे कुठे आहेत?

भारत या इतिहासात औषधनिर्माता म्हणून ठळक आहे. २०१३ साली बंगळुरूच्या बायोकॉनने सोरायसिससाठी इटोलिझुमॅब आणले. २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडसने अ‍ॅडॅलिम्युमॅबची जगातली पहिली स्वस्त प्रतिकृती बाजारात आणली. पण इटोलिझुमॅबची २२५ रोग्यांची चाचणी प्रौढांचीच होती.

मुलांवरील चाचण्यांबाबत आपल्याकडे धास्ती आहे, आणि तिला कारण आहे. २००९-१० मध्ये आंध्रातील खम्मम व गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत १० ते १४ वयाच्या वीस हजारांहून अधिक मुलींना एचपीव्ही लस टोचली गेली. सात मुलींच्या मृत्यूनंतर तो प्रकल्प थांबला. मृत्यू लसीमुळे झाल्याचे चौकशीत दिसले नाही. पण अनेक ठिकाणी संमतिपत्रावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या निघाल्या. संसदीय समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. आज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पालकांची संमती तर लागतेच, शिवाय ७ ते १२ वयाच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढील मुलाचा लेखी होकारही लागतो.

दुसरे उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले. गोवराची लस सुईऐवजी श्वासातून देता येईल का, हे पाहण्यासाठी पुणे जिल्ह्यातील गावांत २,००४ बाळांवर चाचणी झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले: सुईने ९४.७ टक्के बाळांत संरक्षण तयार झाले, श्वासावाटे ८५.४ टक्के. सुई जिंकली. आपल्या गावांतल्या आयांनी विश्वास ठेवला आणि जगाला एक स्वच्छ उत्तर मिळाले. म्हणजे हे इथे जमते.

सोरायसिसच्या बाबतीत ते जमवण्याची गरज एका ठोस कारणाने आहे: क्षयरोग. २००१ साली इन्फ्लिक्सिमॅब या एटानरसेप्टच्याच वर्गातल्या इंजेक्शनानंतर क्षय उफाळल्याची ७० प्रकरणे प्रसिद्ध झाली. बहुतेक अशा देशांतली, जिथे क्षय विरळा. आपल्याकडे क्षयाचा जंतू कितीतरी शरीरांत निद्रिस्त असतो. टोरांटोच्या किंवा शिकागोच्या मुलात सुरक्षित ठरलेली मात्रा बारामतीच्या मुलात तितकीच सुरक्षित आहे, हे टोरांटोचे आकडे सांगू शकत नाहीत. शिवाय ही औषधे २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. भारनियमनात आठ तास बंद पडणारा फ्रिज हाही औषधाच्या परिणामाचाच भाग आहे, आणि तो कुठल्याही परदेशी चाचणीत मोजलेला नाही.

मुलांवर औषध तपासू नये असे म्हणणारे बहुधा दयेपोटी म्हणतात. पण तपासले नाही म्हणून मुलांना औषध द्यायचे थांबत नाही. ते अंदाजाने दिले जाते, एकेका दवाखान्यात, आणि त्या प्रयोगाची ना कुठे नोंद होते ना त्यातून पुढच्या मुलाला काही कळते. देशातील चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही जुलै २००७ पासून सुरू आहे आणि ती कोणालाही पाहता येते. शाळेतले पोर पूर्ण बाह्या घालून बसते तेव्हा त्याला औषध द्यावे की नाही हा वाद जुना झाला. त्याला दिलेल्या औषधाचा हिशेब कोण ठेवणार, हा प्रश्न आता विचारायला हवा. आणि त्या हिशेबाच्या पहिल्या पानावर, आईबापांच्या सहीखाली, त्या पोराची स्वतःची सही असायला हवी.