सरपंच ते पाच वेळा मुख्यमंत्री : प्रकाशसिंग बादल

पंजाबचे प्रकाशसिंग बादल यांचा जन्म ८ डिसेंबर १९२७ चा, घर शेतकऱ्याचं. राजकारण सुरू झालं बादल गावच्या सरपंचपदापासून. १९५७ ला आमदार झाले ते काँग्रेसच्या तिकिटावर. पुढची हयात मात्र अकाली दलात गेली. १९७० ला ४२ व्या वर्षी मुख्यमंत्री. आणीबाणीत तुरुंग, १९७७ ला थोडे दिवस केंद्रात कृषिमंत्री, मग परत पंजाब. असं पाच वेळा मुख्यमंत्रिपद.

१९९७ ला सत्तेत आल्यावर त्यांनी सगळ्यांच्याच शेतीपंपाची वीज मोफत केली. शेतकऱ्याला आधार झाला हे खरं. पण भात वाढत गेला, पंप चालतच राहिले अन् पाणी खोल खोल गेलं. आपल्याकडं बोअर मारलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

२०२० च्या कृषी कायद्यांना त्यांच्या पक्षानं आधी साथ दिली. शेतकरी भडकले तसं सूनबाई हरसिमरत कौर यांनी केंद्रातलं मंत्रिपद सोडलं अन् डिसेंबरात बादलांनी पद्मविभूषण परत केला. तरी २०२२ ला, ९४ व्या वर्षी, लंबीत ते आपच्या गुरमीतसिंग खुडियांकडून हरले. २५ एप्रिल २०२३ ला मोहालीत निधन झालं. अंत्यसंस्कार बादल गावात, घरच्याच शेतात झाले.