मेन्यूकार्डावरचा कोळीवाडा

अंधेरी-विलेपार्ल्याच्या मासळीच्या हॉटेलात ‘प्रॉन्स कोळीवाडा’ हमखास मिळतो. लालभडक, कुरकुरीत. तिथून थोड्याच अंतरावर वेसावे, मुंबईतला जुना आणि मोठा कोळीवाडा. पण हा पदार्थ वेसाव्याच्या चुलीवरचा नव्हे. त्याचं मूळ शीव कोळीवाड्यात आहे. फाळणीनंतर तिथल्या लष्करी बराकींमध्ये पंजाबी निर्वासित राहायला आले. बेसन, ओवा आणि तिखट लावून त्यांनी मासळी तळून विकायला सुरुवात केली. अमृतसरी मच्छीचीच ही मुंबईतली बहीण. नाव तेवढं वस्तीचं लागलं. पुढे तिथल्या हार्बर मार्गावरच्या ‘कोळीवाडा’ स्टेशनाचं गुरू तेग बहादूर नगर झालं. मेन्यूकार्डावरचा कोळीवाडा मात्र हलला नाही.

मासळी ज्यांची, त्यांच्या नावाचं हॉटेल का नाही? बाकीच्या पाट्या वाचाव्यात: मालवणी, गोमंतक, मंगलोरी. सगळी घर सोडून आलेल्या माणसांची नावं. 1854 साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढे कोकणातला गडी बायकापोरं गावी ठेवून गिरणगावात आला. पाळीपाळीने झोपायच्या त्या खोल्यांत चूल कुठली? महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांनी त्याला जगवलं. या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. 1982 च्या संपाने ती जेवणारी पंगतच उठवली. फोर्टमध्ये 1973 साली निघालेल्या ‘महेश लंच होम’च्या नावातही दुपारी घरापासून लांब असलेला नोकरदार दिसतो, त्याची शाखा नंतर जुहूला आली. पार्ल्याच्या ‘गजाली’ने तर मालवणी गप्पांनाच पाटीवर बसवलं.

कोळी मात्र आपल्याच घरी होता. पुरुष दर्यावर, बाई बाजारात. परक्याला वाढायला घरात होतं कोण? शिवाय ताजी मासळी विकली की संध्याकाळपर्यंत रोकड हाती. खाणावळीची उधारी कशाला सांभाळायची? कोळ्यांना धंदा जमत नाही, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी कोळणीशी कधी घासाघीस केलेली नसावी.

म्हणूनच शहराने कोळ्यांची मासळी खाल्ली, पण कोळ्यांचं कालवण फारसं चाखलं नाही. उन्हाळ्यात कुटून बरणीत भरलेला घरचा मसाला, लसूण, चिंच. मालवणी वाटपासारखा नारळाचा जोर नाही. सोबत तांदळाची भाकरी आणि तळलेले बोंबील. 2006 च्या सुमारास वेसाव्यात सी-फूड फेस्टिव्हल भरू लागला आणि कोळणी स्वतः स्टॉल मांडून, पैसे घेऊन हे वाढू लागल्या. अंधेरीकर रांगा लावून जेवतात. अलीकडे काही घरं वर्षभर जेवणाच्या ऑर्डरीही घेतात. उरलेल्या बायका फेस्टिव्हल उठला की दुसऱ्या दिवशी पहाटे पाटी उचलून बाजाराला निघतात, आणि त्यांच्याकडून घेतलेली कोळंबी दुपारी हॉटेलात ‘कोळीवाडा’ होते.