खरीप हंगामारंभ : पाऊस व पीकस्थिती

नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या आगमनापासून पेरणी पुरी होऊन पिके मूळ धरीपर्यंतचा काळ. महाराष्ट्रात तो साधारणतः जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून जुलैअखेरपर्यंत असतो. ज्वारी, बाजरी, कापूस, तूर, मूग, सोयाबीन इ. कोरडवाहू पिकांचे भवितव्य या काळातील पावसाच्या वाटणीवर बरेचसे अवलंबून असते. हंगामाचा एकूण पाऊस सरासरीइतका होऊनही पहिल्या सरींनंतर दीर्घ खंड पडल्यास रोपे करपतात व दुबार पेरणी करावी लागते. बी, खत व मजुरी यांचा हा दुहेरी खर्च लहान शेतकऱ्यास कर्जाकडे नेतो. अशा वेळी हंगामाच्या सरासरीच्या आकड्यात त्याची हानी दिसत नाही.

पारंपरिक शेतीत सूर्यनक्षत्रांवरून पेरणीची वेळ ठरवीत. ७ जूनच्या सुमारास लागणारे मृग नक्षत्र पेरणीचा आरंभ मानला जाई. तथापि तिथीपेक्षा वापसा, म्हणजे मशागतीस व उगवणीस योग्य असा जमिनीतील ओलावा, अधिक निर्णायक असे. आधुनिक शिफारशीतही ७५ ते १०० मिमी. पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, असे सांगितले जाते.

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात साऱ्याच्या सवलतीचा निर्णय हंगामाच्या पिकाच्या अंदाजावरून होई. सोळा आणे पीक हे प्रमाण धरून आणेवारी ठरवीत व तीवरून सारा तहकूब वा माफ करीत.  भारतीय हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. १८७६–७८ च्या भीषण दुष्काळानंतर पावसाच्या पूर्वानुमानाची निकड तीव्र झाली आणि हेन्‍री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या प्रमाणावरून १८८६ मध्ये हंगामाचा पहिला नियमित अंदाज प्रसिद्ध केला. पुढे गिल्बर्ट वॉकर (कार्यकाल १९०४–२४) यांनी दूरदूरच्या प्रदेशांतील वायुदाबांचा पावसाशी असलेला संबंध संख्याशास्त्राने शोधला. हे अंदाज विस्तृत प्रदेशातील एकूण पावसाचे होते. शिवारात केव्हा पेरावे, याचे उत्तर त्यांत नव्हते.

ही उणीव भरून काढण्याच्या दृष्टीने १९३२ मध्ये पुणे येथे एल्. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषिहवामानशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. शेतकऱ्यांसाठी हवामानवार्ता १९४५ पासून, तर राज्यांच्या सहकार्याने कृषिसल्ला सेवा १९७६ पासून देण्यात येऊ लागली. दरम्यान १९७२ च्या अवर्षणाने महाराष्ट्रातील खरीप बुडाला. आधीची दोन वर्षेही तुटीची गेल्याने संकट गडद झाले आणि मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सु. ५० लाख मजूर होते. रोजगार हमी योजनेचा विस्तार या अनुभवातून झाला व तिचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला.

अंदाजाच्या मर्यादा २००२ मध्ये पुन्हा उघड झाल्या. त्या वर्षी सर्वसाधारण पावसाचे भाकीत होते. जूनमध्ये देशातील पाऊस सरासरीच्या आसपास झाल्याने पेरण्या सुरू झाल्या. परंतु जुलैमध्ये तो सरासरीच्या निम्म्यावर आला. २००९ मध्ये याउलट जूनमध्येच मोठी तूट पडून पेरण्या लांबल्या. एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन दुष्काळांचा शेतावरील परिणाम त्यामुळे निराळा होता : पहिल्यात पेरलेले धोक्यात आले, तर दुसऱ्यात पेरणीच अडली.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन पुस्तिकेत पावसाची तूट व खंड यांबरोबर पेरणीक्षेत्र, जमिनीतील ओलावा आणि उपग्रहाद्वारे मिळणारी वनस्पतिस्थिती हेही निकष ठेवण्यात आले. त्याच वर्षी सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत प्रतिकूल हवामानामुळे पेरणी न होण्याची जोखीम समाविष्ट झाली. शेतकरी आपले बियाणे ज्या क्षणी पणाला लावतो, त्या हंगामारंभाची दखल शासकीय मोजमापात अशा रीतीने घेतली गेली.